गजभिये सरांची बाहेरची खोली

समोरचा माणूस 'पण' म्हणाला की गजभिये सरांचं बोट वर जायचं. चौकातल्या पोलिसासारखा आख्खा हात नाही, नुसतं उजव्या हाताचं एक बोट, छातीच्या उंचीपर्यंत. बोलणारा आपोआप थांबायचा. मग सर शांतपणे म्हणायचे, "हं, सांगा. घाई नाही." बहुतेकांना त्यानंतर काही सांगता येत नसे. 'पण'च्या पुढे आपण काय बोलणार होतो, हे ऐकायला कुणी इतक्या निवांतपणे बसलं की माणसाला ते आठवत नाही. किंवा आठवतं, पण तोंडातून निघत नाही.

आमची ओळख या बोटामुळेच झाली. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू झालो त्या आठवड्यात एक ज्येष्ठ सहकारी मला स्टाफरूमचा परिचय करून देत होते. असा माणूस प्रत्येक स्टाफरूममध्ये असतो आणि त्याचे तास नेहमी रिकामे असतात. ते म्हणाले, "ते खिडकीजवळ बसलेत ना, ते गजभिये. इंग्रजीचे. हुशार आहेत, पण..." एवढं बोलून त्यांनी भुवया उंचावल्या.

खिडकीजवळून बोट वर आलं.

"पण काय जी?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. अडलेला शब्द विचारावा तसं त्यांनी विचारलं होतं. "वाक्य अर्धं सोडू नका. नवीन माणूस आहे, त्याले वाटन इकडे असंच बोलतात."

"पण काही नाही. हुशार आहेत."

"मंग पण काहून लावला?" सर म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते मला कळलं होतं. सरांना ते जन्मापासून ठाऊक होतं. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते उच्चारलं नाही, एवढीच काय ती काळाची प्रगती. तास संपल्यावर सर माझ्याजवळ आले. "चला मराठी, चहा पिऊ," म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'मराठी' झालो. माझं नाव त्यांनी कधी घेतल्याचं आठवत नाही.

बारावीच्या पहिल्या तासाला इतर शिक्षक अभ्यासक्रम सांगतात. सर 'बट' शिकवीत. एवढ्याशा शब्दावर अख्खा तास. फळ्यावर ते आधी एक घर काढत. दोन खोल्या, मध्ये एक दार, एक दार रस्त्यावर. मग सांगत, की जुन्या इंग्रजीत 'बी' म्हणजे जवळ आणि 'ऊटन' म्हणजे बाहेर. दोन्ही मिळून अर्थ झाला 'बाहेरच्या बाजूला'. हजारभर वर्षं लोकांच्या तोंडात घासून घासून त्याचा 'बट' झाला. तिकडे स्कॉटलंडात गरीब माणसाच्या घराला दोनच खोल्या असत, त्यातल्या आतलीला म्हणत 'बेन' आणि बाहेरचीला म्हणत 'बट'. मग ते फळ्यावरच्या बाहेरच्या खोलीवर खडूनं टकटक करत. "ऑल बट वन. म्हणजे काय? सारे आत, एक बाहेर. नथिंग बट द ट्रुथ. म्हणजे सत्याच्या बाहेरचं काहीच नाही. आता लक्षात ठेवा पोट्टेहो, वाक्यात बट दिसला का पहिले विचारायचं, याच्यात बाहेर कोणाले बसवलं?"

मुलं हसत. हा प्रश्न सरांना कुठून सापडला ते मुलांना ठाऊक नव्हतं. मला त्यांनी पुष्कळ नंतर सांगितलं. त्यांच्या आजोबांचं घर नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात. खरं तर खेड्यात नव्हे, खेड्याबाहेर. "आमची सारी वस्तीच गावाचा बट होती, मराठी." आजोबांनी नागपूरला येऊन दीक्षा घेतली आणि परत जाऊन त्याच वस्तीत राहिले. वडील खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कोळशावर लागले आणि कुटुंब कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आलं. "तिथं सगळ्यांच्या दोऱ्यावरच्या कपड्यावर सारखीच राख पडे," सर म्हणायचे. "आमाले राखेनं पहिले सारखं केलं. बाकीचे अजून विचार करून राहिले."

मी भाषेचा शिक्षक. थोडा भाव खावा म्हणून एकदा मी त्यांना सांगितलं, की आपला 'पण' संस्कृत 'पुनः'वरून आला. म्हणजे मुळात 'पुन्हा', 'परत'. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आमचा बट बाहेर उभा राहते आणि तुमचा पण परत परत येते. तुमचा जास्त डेंजर आहे."

व्याकरणाच्या पुस्तकातलं एक वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात शिकवलं नाही. 'तो गरीब पण प्रामाणिक आहे.' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतं. सर तिथे आले की पान उलटत. कुणी विचारलंच तर म्हणत, "गरीब माणूस चोर असते असं धरल्याशिवाय हे वाक्य उभंच राहत नाही. ज्यानं लिहिलं त्याच्या घरी बाहेरची खोली मोठी असन." वाक्य बटनं सुरू करू नये, हा नियमही त्यांना मान्य नव्हता. "ज्याले आतमध्ये बोलू दिलं नाही, तो बटनंच सुरू करन ना जी. दुसरं काय करन?"

आता खर्ऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण सर त्यानं गेले.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: खर्रा म्हणजे बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना. पानठेल्यावर हे सगळं एका प्लास्टिकच्या पन्नीत घालून फळीवर घोटून घोटून देतात. चिमटीनं उचलायचं आणि गालात धरायचं. आमच्या गावात वकील खातो, रिक्षावाला खातो, आणि मुखाच्या कर्करोगावर व्याख्यान द्यायला आलेला माणूसही गाडीत बसल्यावर खातो. त्यावर बंदी आहे. पण.

सरांच्या घराची रचना त्यांच्या फळ्यावरच्या चित्रासारखीच होती. प्रताप नगरात गल्लीच्या तोंडाशी छोटं घर, रस्त्यावर उघडणारी बाहेरची खोली. त्या खोलीत ते संध्याकाळी शिकवणी घेत. आत वहिनींचं शिलाई मशीन. गल्लीतल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं त्या मशीनवर शिवली जात. लग्नानंतर काही वर्षांनी वहिनींनी जाहीर केलं, घरात खर्रा येणार नाही.

"बाहेरची खोली घरात येते का?" सरांनी विचारलं.

"ते तुमची तुम्ही ठेवा. मी तिथं पाय ठेवणार नाही."

आणि त्यांनी ठेवला नाही. रस्त्यावर जायचं तर त्या स्वयंपाकघराच्या बाजूच्या दारानं जात. शिकवणीच्या मुलांना पाणी हवं असलं तर तांब्या उंबरठ्यावर ठेवत. मी गेलो तर चहा उंबरठ्याच्या आतून हात लांबवून देत आणि तिथेच उभ्या राहून खुशाली विचारत. बाहेरच्या खोलीत पन्नीचा चुरचुर आवाज झाला की आतलं मशीन थांबे. सर चिमूट गालात धरत. मग मशीन पुन्हा सुरू होई, जरा जोरात.

"सोडत का नाही?" मी विचारायचो.

"माणूस दिवसभर बोलते, मराठी. त्याले कुठंतरी चूप बसायची सोय पाहिजे. हा गालात असला का कोणी बोलायले लावत नाही."

खर्ऱ्यानं आधी तोंड आखडतं. गालाची आतली कातडी चामड्यासारखी होते आणि जबडा हळूहळू उघडेनासा होतो. हे एका दिवसात होत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. सरांचं तोंड वर्षागणिक कमी उघडू लागलं, तसं त्यांचं इंग्रजीही दातांच्या आडून येऊ लागलं. दबलेलं, घट्ट, ओठ जेमतेम हलवून. मुलं सरांना देव मानत, त्यामुळे सर बोलतात तसं इंग्रजी बोलायचं हे त्यांनी आपोआप ठरवलं. प्रताप नगर आणि आसपासच्या भागात पोरांची एक पिढी अशी तयार झाली, जी मराठी मोकळ्या तोंडानं बोलते, हिंदी त्याहून मोकळ्या तोंडानं बोलते आणि इंग्रजी आलं की जबडा आवळते. 'बट' तर ते सगळे सारखाच म्हणत. ओठ आत, दात मिटलेले, एक बारीक फटाका.

कॉलेजच्या एका समारंभाला बाहेरगावचे इंग्रजीचे तज्ज्ञ प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. शाल, नारळ, मोमेंटो आणि परिचयपत्रिकेची दोन पानं. सरांच्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीत एक छोटा प्रवेश सादर केला. पाहुणे भारावले. भाषणात म्हणाले, या मुलांच्या उच्चारात खास ब्रिटिश घट्टपणा आहे. ओठ न हलवता बोलणं ही अस्सल इंग्रजीची खूण, ती नागपुरात ऐकून आपण थक्क झालो. मी खाली मान घातली. शेजारी आरती बसली होती. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, बी.एड. करून नोकरी शोधणारी. ती अभिमानानं टाळ्या वाजवत होती. तिचा जबडाही तसाच आवळलेला.

पाहुण्यांनी पुढे आणखी एक वाक्य टाकलं. "गजभिये सर ज्या समाजातून आलेत तो पाहता... पण काय प्रभुत्व आहे इंग्रजीवर!"

आभार मानायचं काम सरांकडे होतं. ते उठले, माईकसमोर गेले आणि म्हणाले, "प्रमुख पाहुणे फार मोठ्या पदावर आहेत, पण बोलले चांगलं."

मागच्या रांगा आधी हसल्या. पुढच्या रांगांना जरा वेळ लागला. पाहुण्यांनी हसून मान डोलावली. त्यांना वाक्य कळलं की नाही, मला आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी मुलं सरांना ओढत चौकातल्या गाडीवर गुपचुप खायला घेऊन गेली. बाकीचं जग ज्याला पाणीपुरी म्हणतं, ते आमच्याकडे गुपचुप. खायची रीत सगळीकडे एकच, आख्खी पुरी एकदम तोंडात. सरांनी पुरी हातात घेतली, वाटीवर धरून तिचे दोन तुकडे केले आणि एकेक तुकडा दातांतून आत सरकवला. पाणी मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेलं.

"सर, आख्खं टाका ना, पाणी सांडून राहिलं," गाडीवाला म्हणाला.

"मी कोणतीच गोष्ट एका दमात वाचत नाही," सर म्हणाले.

मुलं हसली. आणि त्यांच्यातल्या एकानं आपल्याही पुरीचे दोन तुकडे केले, सरांसारखे.

परतताना मी विचारलं, "सर, तोंड किती उघडतं?"

त्यांनी रस्त्यातच थांबून दोन बोटं उभी करून दातांमध्ये घालून दाखवली. ती कशीबशी गेली. "तीन जायले पाहिजेत म्हणतात. माझे दोन जातात. म्हणजे पास आहो, डिस्टिंक्शन नाही."

"मग सोडा आता."

"सोडणार आहो, पण..." एवढं म्हणून त्यांनी स्वतःचंच बोट वर केलं आणि हसले.

"हं, सांगा," मी म्हणालो. "घाई नाही."

त्यांनी खिशातून पन्नी काढली. ते उत्तर होतं.

पुढच्या दिवाळीनंतर त्यांच्या जिभेच्या कडेला फोड आला आणि जाईना. तुकडा काढून तपासला. निदान ऐकायला वहिनी, सर आणि मी असे तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते आणि सभ्य होते. म्हणाले, "लवकर सापडलंय. जिभेचा अर्धा भाग काढावा लागेल. तुम्ही जगाल सर, पण बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही."

सरांचं बोट मांडीवरून किंचित उचललं गेलं आणि परत खाली आलं.

बाहेर येऊन पार्किंगच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "डॉक्टरनं वाक्य उलटं केलं, मराठी. बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही, पण जगाल, असं म्हणायले पाहिजे होतं. माणूस शेवटचंच घरी नेते."

"अवो, वाक्य राहू द्या. तारीख घ्या," वहिनी म्हणाल्या.

पण सरांनी वाक्य डॉक्टरांनी दिलं त्याच क्रमानं घरी नेलं होतं. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, आणि पहिला पेपर इंग्रजीचाच. बाहेरच्या खोलीत त्या वर्षी मुलांची दाटी होती. सरांनी ठरवलं, पेपर होऊ द्यायचा, मग ऑपरेशन. खर्रा मात्र त्यांनी त्याच दिवशी सोडला. बोट वर न करता, एक शब्द न बोलता. ज्याच्याकडून खर्रा घेत त्या बंडूच्या पानठेल्यासमोरून जाताना त्याची नमस्काराची मान तेवढी स्वीकारायचे. इतकी वर्षं जे जमत नव्हतं ते इतकं सोपं होतं, याचा वहिनींना जास्त राग आला.

एका संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. मुलं गेली होती. वहिनी उंबरठ्यावर आल्या, कात्री हातातच होती.

"भाऊजी, तुम्ही सांगा यांले. माझं तं ऐकत नाहीत. पोट्ट्यांचे पेपर दरसाल येतात. माणूस दरसाल येत नाही."

"तीन महिन्यांचा सवाल आहे," सर म्हणाले.

"मले तुमची अर्धी जीभ चालते. नसली तरी चालते. एवढे वर्षं इंग्रजी ऐकलं, मले काय समजलं त्याच्यातलं? मले माणूस पाहिजे."

"जीभ गेल्यावर मी कोण राहतो मंग? खर्रा खाणारा गजभियेच ना? बाकी लोकांनी काय ठेवलं होतं माझ्याजवळ? हे एकच होतं." सरांनी तोंडाकडे बोट दाखवलं. "हे घेऊन मी आत आलो. हे गेलं का परत बाहेर."

वहिनी उंबरठ्यावर तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या उंबरठा ओलांडतील. त्यांनी कात्री पदरात पुसली, जणू तिला काही लागलं होतं, आणि मागे फिरल्या. त्या संध्याकाळी मशीन चाललं नाही. मीही सरांना बरंच काही सांगितलं, समजावून सांगितलं, रागावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मुलांच्या पेपरची तारीख तेवढी त्यांनी माझ्याकडून पुन्हा खात्री करून घेतली.

मुलांचा पेपर चांगला गेला. निकाल लागला तेव्हा त्यांना सुंदर गुण होते. सरांच्या निकालाला तेवढा धीर नव्हता. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना अर्ध्या जिभेवर थांबता आलं नाही, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. उन्हाळ्यात सर घरी आले. चेहऱ्याची एक बाजू आत गेलेली, नाकात नळी. आतल्या खोलीत हवा नव्हती, म्हणून खाट बाहेरच्या खोलीत टाकली, कूलरसमोर. आणि मग एका दुपारी मी गेलो तर मशीनचा आवाज रस्त्यावरच ऐकू आला. वहिनींनी मशीन उचलून बाहेरच्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी आणून ठेवलं होतं.

मी मशीनकडे पाहिलं. त्याच म्हणाल्या, "इथं उजेड बरा पडते."

शिकवणी बंद पडू नये म्हणून आरती येऊ लागली. ती फळ्यासमोर उभी राहून शिकवी, सर उशाला टेकून ऐकत. ती चुकली की खाटेवरून बोट वर येई. ती थांबे, आपलं वाक्य पुन्हा मनात म्हणे आणि चूक शोधून काढे. मुलांना वाटे ही काहीतरी जादू आहे. सरांच्या तोंडातून अजूनही आवाज निघत, पण त्यांचे शब्द होत नसत. ते फक्त वहिनींना कळत. ज्या बाईला सरांच्या इंग्रजीतलं काही समजलं नव्हतं, ती आता त्यांची एकमेव दुभाषी होती.

शेवटी शेवटी एकदा गेलो तेव्हा त्या गाठी मानेच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा आल्या होत्या. सरांनी मला जवळ बोलावलं आणि घशातून काहीतरी म्हणाले. मी वहिनींकडे पाहिलं.

"ते म्हणतात, मराठी, तुमचा पण बरोबर होता," वहिनी म्हणाल्या. "परत परत येते, म्हणतात." मग त्यांनी मला विचारलं, "म्हणजे काय जी?"

मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मशीनवर जाऊन बसल्या. पाय मात्र चालवला नाही.

पुढची दिवाळी सरांनी पाहिली नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जवळच्या विहारात गर्दी झाली. वंदना झाली आणि मग भाषणं सुरू झाली. नागपुरात माणूस मेला की त्याला श्रद्धांजली वाहण्याआधी वक्ते एकमेकांना वंदन करतात, त्यात बराच वेळ जातो. कुणी सरांना भाषाप्रभू म्हणालं, कुणी दीपस्तंभ. 'दीर्घ आजार' असा शब्द सगळ्यांनी वापरला. खर्रा हा शब्द कुणी उच्चारला नाही. आमचे ते ज्येष्ठ सहकारी काठी टेकत आले होते. ते माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गजभिये हुशार होते."

आणि थांबले.

मी वाट पाहत राहिलो. माझी नजर नकळत सरांच्या फोटोकडे गेली. सहकारी खाली जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या वाक्याला पहिल्यांदाच पुढे 'पण' नव्हता. सरांना अखेर आत घेण्यात आलं होतं, त्यासाठी त्यांनी फक्त मरायचं होतं.

बंडूनं त्या दिवशी ठेला बंद ठेवला होता. कार्यक्रम संपल्यावर पांढऱ्या कपड्यांतली काही माणसं ठेल्यापाशी जाऊन, बंद पाहून, पुढच्या चौकाकडे वळताना मी पाहिली. दुसऱ्या दिवशी ठेला उघडला.

थंडीत वहिनींनी मशीन परत आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरची खोली आरतीला शिकवणीसाठी दिली. पहिल्या दिवशी तिनं मला बोलावलं. तिनं फळ्यावर घर काढलं, दोन खोल्या, दोन दारं. 'बी' सांगितलं, 'ऊटन' सांगितलं. मग मुलांना म्हणायला लावलं. ती म्हणाली, "बट." मुलं म्हणाली, "बट." तोच आवाज. ओठ आत, दात मिटलेले, दबलेला बारीक फटाका. मी डोळे मिटले असते तर सर खोलीत होते.

आतलं मशीन थांबलं.

मला वाटलं वहिनी रडत असतील. त्या उंबरठ्यावर आल्या. मग उंबरठा ओलांडून बाहेरच्या खोलीत आल्या आणि आरतीसमोर उभ्या राहिल्या.

"आरती, तोंड उघड वं."

"काय झालं काकू?"

"उघड. मले पाहू दे." आरतीनं घाबरून तोंड उघडलं. वहिनींनी आपली तीन बोटं उभी करून तिच्या दातांमध्ये धरली. ती आरामात गेली. वहिनींनी श्वास सोडला. "तुवं तोंड तं चांगलं उघडते. मंग असं मिटून काहून बोलून राहिली?"

"काकू, सर असंच..." आरती बोलता बोलता थांबली. तिचा हात स्वतःच्या जबड्याकडे गेला. तिला ते तेव्हा कळलं.

"त्याईचं उघडत नव्हतं बापा," वहिनी म्हणाल्या. "उघडत नव्हतं म्हणून." मग त्या मुलांकडे वळल्या. "चला गा पोट्टेहो, तुमीबी. तीन बोटं. उभी."

एका मुलीनं विचारलं, "यानं इंग्रजी चांगलं होते का आजी?"

"होते," वहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून ती त्या शिकवणीची रीत झाली. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक मूल तीन बोटं तोंडात उभी धरून दाखवतं. आया दारात उभ्या राहून हसतात. मुलांना अजून वाटतं, हा इंग्रजीचा व्यायाम आहे.

परवा त्या गल्लीतून जात होतो. वर्ग चालू होता. आरतीचा आवाज आला आणि पाठोपाठ सगळी मुलं एकदम म्हणाली, "बट." इतक्या मोठ्यानं आणि इतक्या मोकळ्या तोंडानं, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. चांगला, खणखणीत उच्चार होता. त्यात सर कुठेच नव्हते.

आतलं मशीन थांबलेलं होतं. ते पुन्हा सुरू होईपर्यंत मी रस्त्यावर उभा राहिलो. बराच वेळ लागला.